पहिला आवाज

काँक्रीटचा क्यूब पाण्याच्या टाकीतून काढला की फडक्यानं पुसायचा. वरचं पाणी आणि चिकटलेली वाळू निघाली पाहिजे, पण सुकू द्यायचा नाही, ओलाच फोडायचा. १५० मिलिमीटरचा चौकोनी ठोकळा, वजन सव्वाआठ किलोच्या घरात. ओतताना वर राहिलेली एक बाजू खरबरीत असते. ती मशीनमध्ये वर किंवा खाली येता कामा नये. ती आपल्याकडं तोंड करून ठेवायची, म्हणजे साच्याला लागलेल्या गुळगुळीत बाजूंवर दाब येतो. मधोमध बसलाय का बघायचं, जाळीचं दार लावायचं, पंप सुरू करायचा. मिनिटाला साडेएकतीस टन या चालीनं भार चढवायचा. एम-२५ प्रतीच्या काँक्रीटचा चांगला क्यूब ७० टनांच्या आसपास जातो. म्हणजे बटण दाबल्यापासून फुटेपर्यंत सव्वादोन मिनिटं.

मला या सव्वादोन मिनिटांबद्दल लिहायचं आहे.

कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी असिस्टंट आहे. २७ वर्षं झाली. क्यूब, विटा, पेव्हर ब्लॉक, बेसाल्टचे कोअर, लोखंडी सळ्या, किती फोडल्या-तोडल्या याचा हिशेब ठेवलेला नाही. सळई ओढायला लावली की ती तुटायच्या आधी लांबते, मधेच कंबर काढल्यासारखी बारीक होते. मागच्या बाकावरच्या पोरालासुद्धा दिसतं की आता ही जाणार. काँक्रीट, दगड, बीड (ओतीव लोखंड), काच यांचं तसं नाही. ठिसूळ वस्तू शेवटच्या क्षणापर्यंत डोळ्याला जशीच्या तशी दिसते. तिच्या आत काय चाललंय ते कळलंच तर कानाला कळतं.

पहिलं दीड मिनिट नुसती मोटरची घरघर. काटा ५० टनांच्या पुढं गेला की मी कान देतो. एक बारीक टक्. मग पुन्हा काही नाही. मग दोन टक् लागोपाठ. मग तापल्या तव्यावर खडेमीठ टाकल्यासारखी तडतड. एका कोपऱ्यातून पिठासारखी धूळ झरते, बाजूचा एक पापुद्रा सुटतो, काटा थबकतो, आणि धप्प. दार उघडून चारी बाजूंचे सुटलेले तुकडे झाडून काढले की मधे जे उरतं ते डमरूसारखं असतं. वर-खाली रुंद, कमरेत बारीक. लोखंडी पाट्या वरच्या आणि खालच्या बाजूला घट्ट धरून ठेवतात, तिथलं काँक्रीट बाजूला सरकू शकत नाही, म्हणून ते शाबूत राहतं. मधल्या पट्ट्याला धरणारं कुणी नसतं, ते बाहेर ढासळतं. चांगल्या फुटलेल्या क्यूबचं डमरू मला अजूनही बघत राहावंसं वाटतं.

मग मी रजिस्टर उघडतो आणि एक आकडा लिहितो. भार अमुक किलोन्यूटन. बाकी काहीही लिहिण्यासाठी त्या पानावर रकानाच नाही.

माझे वडील पाथरवट. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. पाटे-वरवंटे, जाती, उखळं, घराच्या पायऱ्या, उंबरे असं सगळं त्यांनी केलं. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर खाणीवर जायचो. मोठा दगड दुभंगायचा असला की ते सुरुंग वापरत नसत. सुरुंगानं दगड आतून फाटतो, मग त्याचा पाटा नीट होत नाही, असं त्यांचं म्हणणं. छिन्नीनं सरळ रेषेत खोबणी पाडायची, प्रत्येक खोबणीत लोखंडी पाचर बसवायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरीवर घणाचा एक-एक घाव. एक फेरी झाली की दुसरी. कुठल्याही पाचरीवर दोन घाव लागोपाठ नाहीत. पाचर घट्ट होत जाते तसा तिचा आवाज चढत जातो, टण, टण, टिण. आणि एका फेरीला, बहुतेक मधल्याच कुठल्या तरी पाचरीला, आवाज अचानक बसका होतो.

अप्पा घण खाली ठेवायचे. उजव्या हाताचा पंजा वर करायचे. गप्पा बंद. "आता कुणी हात लावायचा न्हाई. त्यो आपला आपण जातूय." मग तांब्यातलं पाणी त्या रेषेवर धारेनं सोडायचे आणि सावलीला बसून तंबाखू मळायचे. मला वाटायचं, दमले असतील. पाच मिनिटं, कधी पंधरा मिनिटं. मग दगडाच्या पोटातून लांब कुठं तरी मांजरपाट फाडल्यासारखा आवाज यायचा, आणि पहार घालून उघडायलासुद्धा लागायचं नाही. दोन अर्धं पाव बाजूला व्हावेत तसा दगड उघडलेला असायचा.

आपल्याकडं वाजवून बघायची रीत जुनी आहे. आई कुंभारगल्लीतून माठ आणायची तो बोटाच्या पेरानं चारी बाजूंनी वाजवून. माझा चुलतभाऊ उद्यमनगरात फाउंड्रीत होता, तो कास्टिंग टांगून हातोडीनं वाजवायचा. चीर असली की ते भद्द बोलतं. शिवाय एस. जी. आयर्न, म्हणजे ज्यातलं ग्रॅफाइट गोळ्यांसारखं असतं ते बीड, आणि साधं बीड यांतला फरकही तो नादावरून सांगायचा. पहिलं घंटेसारखं घुमतं. साध्या बिडात ग्रॅफाइटच्या पातळ पापड्या असतात, त्या नाद गिळतात. त्या पापड्या म्हणजे एका अर्थानं आधीपासूनच घातलेल्या चिरा. म्हणून बीड ओढलं तर लवकर तुटतं आणि दाबलं तर भरपूर सोसतं. पण हे सगळं आपण वस्तूला मारून ऐकलेले आवाज. अप्पा पंजा वर करून ज्याची वाट बघायचे तो आवाज निराळा. तो दगड स्वतःहून करतो.

नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. एका पुलाच्या पायासाठी बोअर मारून काढलेले बेसाल्टचे कोअर आले होते, ५४ मिलिमीटर व्यासाचे, दोन्ही तोंडं घासून सपाट केलेले. एक कोअर मी मशीनला लावला. बारा टनांपासूनच तो अधूनमधून टकटक करायला लागला. बावीस टनांवर असा काही कडाड आवाज आला की मी घाबरून भार सोडला आणि रजिस्टरमध्ये बावीस लिहून मोकळा झालो. आमच्या लॅबमधले जुने असिस्टंट, त्यांना सगळे मामा म्हणायचे, त्यांनी कोअर उचलून उजेडाकडं धरला. "फुटलाय कुठं? तडा दाव मला." तडा नव्हता. काठाची एक कपची तेवढी उडाली होती. "परत लाव."

परत लावला. दहा टन, काही नाही. बारा, काही नाही. मी मशीनवर कान ठेवायचा बाकी होतो. पंधरा, अठरा, एकवीस. दगड गप्प. मघाशी याच आकड्यांवर तो बोलत होता. बावीस ओलांडले आणि टक्. मग पुन्हा सुरू झाला, जणू मधे काही झालंच नव्हतं. चौतीसला फुटला.

मी मामांकडं बघितलं. ते म्हणाले, "जितकं एकदा सोसलंय तितक्यात त्यो परत बोलत न्हाई. नवीन सोसायला लागला की बोलतुय." एवढं बोलून ते चहा सांगायला गेले. मी रजिस्टरमधला बावीस खोडला आणि चौतीस लिहिला.

त्या गोष्टीला नाव आहे हे मला फार नंतर कळलं. जर्मनीत म्युनिकला योझेफ कायझर नावाच्या संशोधकानं १९५० साली आपल्या प्रबंधात हे मांडलं. वस्तूवर भार चढवला, काढला आणि पुन्हा चढवला, तर मागच्या सर्वांत जास्त भारापर्यंत ती शांत राहते. म्हणून याला कायझर परिणाम म्हणतात. त्याचं बरंचसं काम धातूंवर होतं. दगडात आणि काँक्रीटमध्ये ही आठवण इतकी पक्की नसते. बराच काळ गेला की पुसट होते, आणि वस्तू आतून फार खिळखिळी झाली असेल तर ती जुना भार गाठायच्या आधीच कुरकुरायला लागते. तेही उपयोगाचंच. जुन्या पुलावर ठरलेला भार ठेवून ऐकलं आणि तो त्या भाराच्या आधीच बोलायला लागला, तर आत काही तरी बिघडलंय हे समजतं. खाणीतून काढलेल्या कोअरवर पुन्हा भार चढवून, तो जमिनीखाली किती दाबाखाली होता याचा अंदाज घेणारे लोकही आहेत. माझ्या मनात मात्र मामांचं वाक्यच पहिलं येतं. त्यांनी प्रबंध वाचलेला नव्हता. त्यांनी वीस वर्षं ऐकलं होतं.

पोरं दरवर्षी एक प्रश्न विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे. दाबतोय तर चीर मिटायला पाहिजे, उघडते कशी?

मी त्यांना भाकरी आठवायला सांगतो. ज्वारीच्या पिठाचा गोळा परातीत थापताना दाब वरून असतो, पण पीठ बाजूला पसरतं आणि कडा चिरतात. पीठ नीट मळलेलं नसलं तर जास्तच. हात कडेला ओढत नसतो, तरी कड ओढली जाते. क्यूबच्या मधल्या पट्ट्यात हेच होतं. आणि चीर काही शून्यातून येत नाही. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९२१ साली काचेवर काम करून दाखवलं की वस्तूची खरी ताकद तिच्यातल्या बारीक चिरा ठरवतात. चिरेच्या टोकाशी ताण साठतो, आणि चीर थोडी वाढल्यानं मोकळी होणारी ऊर्जा नवीन पृष्ठभाग तयार करायला पुरली की ती पुढं सरकते. दाबाखाली सर्वांत घातक चिरा म्हणजे तिरप्या. तिरप्या चिरेचे दोन ओठ एकमेकांवर सरकू बघतात, आणि तिच्या दोन्ही टोकांना पंखासारख्या नव्या चिरा फुटतात. त्या वळत वळत भाराच्या दिशेला उभ्या होतात. १९६३ साली काचेच्या पट्ट्यांवर हे पंख प्रयोगात दाखवले गेले. प्रत्येक पंख एकसंध वाढत नाही, उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो. उडी मारताना अडकलेली ऊर्जा सुटते आणि तिचा छोटासा वाटा कंप होऊन दगडभर पसरतो. टक्.

दाबाला दगड किती सोसतो याचा एक हिशेब मी मनातल्या मनात अंबाबाईच्या देवळात रांगेत उभं राहून केला होता. बेसाल्टची घनता घनमीटरला २,९०० किलोच्या आसपास. चांगला बेसाल्ट दर चौरस मिलिमीटरला १५० न्यूटन सहज सोसतो. तर नुसत्या स्वतःच्या वजनानं पायथा चिरडायला बेसाल्टचा खांब पाच किलोमीटर उंच करावा लागेल. देवळाच्या खांबांना आपल्यावर ओझं आहे याचा पत्ताही नसणार. तुळईचं तसं नाही. दोन खांबांवर आडवी ठेवलेली दगडी तुळई खालच्या अंगाला ताणली जाते, आणि ताणाला दगड फार कच्चा. जुन्या देवळांत गेलात तर खांब सोडा, तुळयांचा मधला खालचा भाग बघा. तडा असला तर तिथं असतो.

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्याकडं एम. टेक.ची एक विद्यार्थिनी आली. तिचा विषयच हा, अकूस्टिक एमिशन, म्हणजे भाराखाली वस्तू स्वतःहून करते ते आवाज. त्यासाठी छोटे सेन्सर आले, बोटाच्या पेराएवढे, आत पिझोइलेक्ट्रिक स्फटिक. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये स्फटिक दाबला की ठिणगी पडते, त्याच जातीचा. क्यूबच्या बाजूला ग्रीस लावून सेन्सर चिकटवायचा. आणि सेन्सर नीट ऐकतोय का हे तपासायची पद्धत बघून मी चाटच पडलो. मेकॅनिकल पेन्सिल घ्यायची, अर्ध्या मिलिमीटरची शिशाची काडी तीन मिलिमीटर बाहेर काढायची, क्यूबवर तिरपी टेकवून मोडायची. बस. जगभरात हेच करतात. शिसं ठिसूळ असतं, दर वेळी जवळजवळ सारखंच मोडतं, म्हणून तो आवाज माप म्हणून चालतो. त्या लॅबमध्ये लाखांचं यंत्र होतं आणि ते शाळेच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलीनं तपासलं जात होतं. "काका, तुम्ही मोडा," ती म्हणाली. मी मोडली. स्क्रीनवर एक उंच रेघ उठली आणि थरथरत विझली.

मग क्यूब लावला. मला पहिलं दीड मिनिट शांत वाटायचं, ते शांत नव्हतं. माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० कंपांच्या वरचं ऐकू येत नाही. हे सेन्सर एक लाखाच्या पुढचं ऐकतात. वीस-बावीस टनांपासून स्क्रीनवर ठिपके पडायला लागले. काँक्रीटमध्ये भार यायच्या आधीच खडी आणि सिमेंट-वाळूच्या मसाल्यामधे बारीक फटी असतात, मसाला आटताना, पाणी वर येताना राहिलेल्या. फुटायच्या भाराच्या तीस टक्क्यांच्या आसपास त्या वाढू लागतात. पाऊण भाराच्या सुमारास मसाल्यातून वाट काढत एकमेकींना जाऊन मिळतात, आणि तिथून पुढं भार नुसता धरून ठेवला तरी वाढत राहतात. सत्तर टनांच्या क्यूबला पन्नास टनांनंतर मला जे ऐकू येत होतं ते याच टप्प्याचं. मी २० वर्षं गोष्टीचा शेवटचा अध्याय ऐकत होतो.

त्या ठिपक्यांत मोठे थोडे, लहान पुष्कळ. भूकंपांचंही असंच असतं. रिश्टर मापावर एक अंक खाली आलं की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते, हे गुटेनबर्ग आणि रिश्टर या भूकंपशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात मांडलं. दगडाच्या नमुन्यातल्या आवाजांनाही हाच नियम लागतो हे पुढं १९६०च्या दशकात जपानमध्ये मोगी आणि अमेरिकेत शोल्झ यांनी दाखवलं. शिवाय ताण चढत जातो तसं मोठ्या आवाजांचं प्रमाण वाढतं. मुठीत मावणारा दगड आणि डोंगराचं मूळ, दोघांचा हिशेब एकाच वहीत बसतो. मला यासारखं थरारक दुसरं काही माहीत नाही.

आणि आम्ही कोयनेपासून लांब नाही. सरळ रेषेत नव्वद किलोमीटरच्या आसपास. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा अप्पा एकोणीस वर्षांचे होते. त्यांना आठवतं ते फळीवरची भांडी एकामागून एक पडत गेल्याचं आणि त्याआधी जमिनीतून आलेल्या गुरगुरण्याचं. "खाणीत दगड जातो तसाच आवाज, पर लई मोठा," असं ते सांगतात. धरण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भरायला लागलं, आणि तिथं लहान-मोठे धक्के आजही होतात. पाणी खालच्या भेगांत झिरपतं, तिथला दाब वाढतो, एकमेकांवर रेटून बसलेले खडकांचे ओठ सुटतात. अप्पा रेषेवर तांब्यानं पाणी सोडायचे तेव्हा आणखी एक गोष्ट होत असणार. चिरेच्या टोकाशी सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे ताणलेले बंध असतात, पाण्याचा रेणू ते तोडायला मदत करतो. ओला दगड कोरड्यापेक्षा कच्चा. क्यूब ओला फोडायचा तोही सगळ्यांना सारखी आणि कडक परीक्षा असावी म्हणूनच. आता कराडला भूकंप-अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं आहे, बेसाल्टचा थर भेदून खालच्या ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकापर्यंत. तिथं पोचून ऐकायचं आहे. मला त्या लोकांचा हेवा वाटतो.

लगेच पुढचा प्रश्न येतो, मग भूकंप आधी सांगता येईल ना? माझ्या क्यूबवरून सांगतो. एकाच घमेल्यातले तीन क्यूब, एकाच दिवशी ओतलेले, २८ दिवस एकाच टाकीत ठेवलेले. एक चाळीसला कुरकुरायला लागतो आणि सत्तरपर्यंत खेचतो. दुसरा साठपर्यंत गप्प आणि पासष्टला धप्प. तिघांची सरासरी घेताना प्रत्येकात १५ टक्के इकडं-तिकडं आपलं मानकही चालवून घेतं. एम-६० सारखं ताकदवान काँक्रीट तर सर्वांत कमी बोलतं आणि स्फोट झाल्यासारखं फुटतं, त्याच्या वेळी मी पोरांना दारापासून दोन पावलं मागं उभं करतो. आवाज आला म्हणजे आत काही तरी वाढतंय एवढं नक्की. कधी, ते फुटल्यावर मागं वळून बघताना स्पष्ट दिसतं, समोर असताना नाही. धक्का मोठ्या भूकंपाच्या आधीचा होता हे मोठा भूकंप झाल्यावरच ठरतं. यातून कुणी भीती पसरवणारे मेसेज पाठवतं तेव्हा मला मनापासून राग येतो.

पण एक प्रयोग मी वाचला आणि रात्री झोप लागली नाही. १९९१ मध्ये अमेरिकन आणि सोव्हिएत संशोधकांनी मिळून तो प्रसिद्ध केला. ग्रॅनाइटचा नमुना, चारी बाजूंनी दाबाखाली ठेवलेला, भोवती सेन्सर. एरवी शेवटचा टप्पा क्षणात उरकतो, काही बघायला मिळत नाही. यांनी भार चढवायची दोरी दगडाच्याच हातात दिली. आवाज जास्त यायला लागले की यंत्र आपोआप भार कमी करणार, कमी झाले की वाढवणार. अशा रीतीनं त्यांनी ग्रॅनाइटचं फुटणं कित्येक तासांवर ताणलं. प्रत्येक आवाज वेगवेगळ्या सेन्सरला किती वेळानं पोचला यावरून तो आत कुठून आला हे काढलं. सुरुवातीला आवाज सगळीकडून, विखुरलेले. मग एका ठिकाणी गोळा झाले. आणि तिथून एक पातळ पट्टा तिरपा, हळूहळू, दगडातून चालत गेला. तो पट्टा चालताना बघितलेली माणसं या जगात आहेत याचंच मला कितीतरी दिवस अप्रूप वाटत होतं. अप्पा घण खाली ठेवायचे ते आठवलं. आवाज बसका झाला की भार थांबवायचा. त्यांनीही दोरी दगडाच्या हातात दिली होती.

एक गोष्ट सांगायला जड जातं. माझ्या मावसबहिणीच्या घराच्या स्लॅबचे क्यूब माझ्याच हातून फुटले होते. आकडा उत्तम आला, मीच तिला फोन करून सांगितलं. सेंट्रिंग काढल्यावर घरी गेलो, सवयीनं खालून हातोडी लावली, तर दोन ठिकाणी भद्द. ठेकेदारानं क्यूबसाठी सिमेंट जास्त घालून वेगळा माल कालवला होता. मी दिलेला आकडा खरा होता, फक्त तो त्या स्लॅबचा नव्हता. दुरुस्तीला तिचे पैसे गेले, आणि लॅबच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून गेले. तेव्हापासून मी शक्य तिथं साइटवर जाऊन क्यूब भरताना उभा राहतो. तेव्हापासूनच एक शंभरपानी वही घातली आहे. सरकारी रजिस्टर वेगळं, ही माझी. तीन रकाने. फुटल्याचा भार, फुटल्याचा आकार, आणि पहिला आवाज किती टनांवर. तिसरा रकाना नुसत्या कानानं भरलेला आहे, त्याला शास्त्र म्हणता येणार नाही, मोटरच्या घरघरीत चार-दोन टन इकडं-तिकडं होत असतील. पण ती वही आता नऊशे क्यूबांच्या पुढं गेली आहे, आणि तिच्यातून पान फाडायचं झालं तर मला सरकारी रजिस्टरचं पान फाडणं सोपं जाईल.

गेल्या उन्हाळ्यात अप्पांना लॅबमध्ये घेऊन गेलो. वय सत्त्याहत्तर. आयुष्यभर घणाजवळ उघड्या कानांनी बसल्यामुळं त्यांना बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. फोनची रिंग कळत नाही, मोटारसायकल कळते. त्यांच्यासमोर क्यूब फोडला. तडतड त्यांना कळली नाही, शेवटचा धप्प कळला. त्यांनी डमरू हातात घेतलं, दोन तुकडे एकमेकांवर आपटून कानाशी धरले, आणि "बराय माल" म्हणाले.

त्या एम. टेक.च्या मुलीनं जायच्या आधी एका बेसाल्टच्या कोअरची नोंद करून ठेवली होती. फुटायच्या जरा अलीकडं भार तसाच धरून ठेवला होता, न वाढवता. दगड तसाच अकरा मिनिटं राहिला आणि मग आपला आपण गेला. ते सगळे न ऐकू येणारे कंप तिनं कैकपट संथ करून माणसाच्या कानाला झेपतील असे, खालच्या पट्टीत उतरवले होते. मी हेडफोन अप्पांच्या कानावर चढवला. आवाज पूर्ण वाढवला.

थोडा वेळ ते नुसते समोर बघत होते. मग डोळे बारीक झाले. शेजारी दोन पोरं व्हायव्हाबद्दल काही तरी बोलत होती.

अप्पांनी उजव्या हाताचा पंजा वर केला.